केलीचे तीन पांढरे कागद

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या न्यासाचे विश्वस्त माननीय खंडूशेठ म्हात्रे, व्यासपीठावर असलेले बालरोग विभागप्रमुख डॉ. निकेत दोशी, आजचे सत्कारमूर्ती आणि आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख आदरणीय बुद्धभूषण जोंधळे सर, सरांसोबत आलेल्या जोंधळे काकू, माझे सर्व सहकारी आणि समोर बसलेले पाहुणे, आपणा सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी स्नेहल खिल्लारे, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. उद्यापासून सरांच्या जागेचा तात्पुरता कार्यभार माझ्याकडे येतो, म्हणून विभागाच्या वतीने बोलायला मला सांगण्यात आलं. आधी नोंद, मग मत, ही सवय सरांनीच आम्हाला लावली. म्हणून आधी नोंद वाचते.

१. ९ सप्टेंबर २०२४. केली, वय अडीच वर्षे, राहणार चौक, उत्तन. दोन्ही पाय गुडघ्यांशी बाहेर वाकलेले. निदान मुडदूस. रक्तातलं ड जीवनसत्त्व ३४, नॉर्मल. कॅल्शियम ७.६, कमी. ड जीवनसत्त्वाच्या आठ पुड्यांचा कोर्स दिला.

२. २० जानेवारी २०२५. ड जीवनसत्त्व ६१, नॉर्मल. कॅल्शियम ७.४, कमी. पुन्हा आठ पुड्या.

३. १२ जून २०२५. ड जीवनसत्त्व ८८, नॉर्मल. कॅल्शियम ७.१, कमी.

४. १४ जून २०२५. केसपेपरवर शेरा: ‘आई डोस देत नाही. समज दिली.’ तिसऱ्यांदा आठ पुड्या.

५. २३ जून आणि १८ ऑगस्ट. या केसबद्दल मी प्रयोगशाळाप्रमुखांना दोन पत्रं दिली. लेखी उत्तर नाही.

६. १६ नोव्हेंबर, म्हणजे पुढच्या पंधरवड्यात, न्यासाच्या शस्त्रक्रिया शिबिरात केलीच्या पायांची हाडं कापून सरळ करायचं ठरलं आहे.

तिन्ही अहवालांवर सही माझी आहे. नोंद संपली.

केलीची आई स्टेफनी आज सभागृहात आहे. शेवटच्या रांगेत, पंख्याखाली. मांडीवर केली आहे. नाव घ्यायची परवानगी तिने मला लेखी दिली आहे, तेव्हा त्या मुद्द्यावर कुणी मला थांबवू नये.

आता सरांबद्दल.

मी पूनम सागर वसाहतीत राहते. पाच वर्षांपूर्वी मुलाखतीला आले तेव्हा सरांनी माझी पदवी विचारली नाही. त्यांनी मला एक रिकामी बाटली दिली आणि म्हणाले, “हिच्यावर नाव लिही.” मी लिहिलं. “आता मोठ्याने वाच.” मी वाचलं. “रोज असंच. नाव तोंडाने घेतलं की बाटलीत माणूस आहे हे विसरायला होत नाही.” आजही आमच्याकडे नमुना घेताना नाव मोठ्याने उच्चारतात. बाहेरून आलेल्यांना वाटतं, इथे हजेरी चालली आहे.

एका पावसाळ्यात दोन दिवस वीज गेली होती. फ्रिज बंद. सरांनी उत्तनहून मासळीचे थर्माकोलचे खोके आणले, बर्फासकट, आणि सगळी रसायनं त्यात ठेवली. एकही बाटली वाया गेली नाही. पुढचा आठवडाभर प्रयोगशाळेला बोंबलाचा वास येत होता आणि अहवाल देण्याच्या खिडकीवरचे आमचे पिंटूभाऊ लोकांना सांगत होते, “आज शुगर के साथ सुकट फ्री.” हसा, हसायला हरकत नाही. मीही तेव्हा हसले होते.

असे सर. म्हणूनच पुढचं बोलताना मला जड जातंय. पण बोलणार आहे.

सरांची सगळ्यात गाजलेली व्यवस्था म्हणजे लाल गोल. अध्यक्ष महोदयांनी आत्ताच तिचं कौतुक केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी दिवसाचे तीनशे अहवाल एकाच गठ्ठ्यात ओपीडीत जायचे आणि डॉक्टर एक असायचे. कुणाचं हिमोग्लोबिन चारवर आलंय, ते ढिगात खाली राहायचं. असा एक माणूस गेला. त्यानंतर सरांनी नियम केला: जो आकडा मर्यादेबाहेर असेल त्याला लाल गोल करायचा आणि तेवढेच कागद ओपीडीत पाठवायचे. बाकीच्यांवर ‘नॉर्मल’चा शिक्का मारायचा, ते खिडकीत ठेवायचे. रुग्ण पावती दाखवून घरी नेतो. नियम चांगला होता. त्याने माणसं वाचवली, मी मोजून सांगू शकते. पण या नियमात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की नॉर्मल कागदात डॉक्टरांनी वाचण्यासारखं काही नसतं.

केलीच्या कॅल्शियमचा कागद तिन्ही वेळा लाल गोल होऊन ओपीडीत गेला. केलीच्या ड जीवनसत्त्वाचा कागद तिन्ही वेळा शिक्का होऊन खिडकीत आला. ओपीडीत डॉक्टरांना दिसलं ते एवढंच: मुडदूस आहे, औषध लिहून दिलंय, कॅल्शियम वाढत नाही. मग आई औषध देत नसणार.

स्टेफनीने डॉक्टरांना सांगितलं होतं, “खिडकीवरचा भाऊ बोलला, रिपोर्ट नॉर्मल हाय.” उत्तर मिळालं, “खिडकीवरचा भाऊ डॉक्टर आहे का? पाय बघ तिचे.” पुढे हेही, की मासळीच्या पाट्या उचलायला वेळ आहे, पोरीला पुडी द्यायला नाही. हे मी ऐकलेलं नाही, तिने सांगितलेलं आहे. डॉ. निकेत सर समोर आहेत. चुकीचं असेल तर त्यांनी आत्ता नाही म्हणावं, मी माघार घेईन.

ठीक आहे. पुढे जाते.

२० जूनला पिंटूभाऊ जेवायला गेले होते आणि खिडकीवर मी बसले होते. दोन बस बदलून स्टेफनी आली होती. केली कडेवर. सव्वातीन वर्षांची मुलगी कडेवर, कारण चाललं की तिचे पाय दुखतात. स्टेफनीने पावती दिली नाही. तिने मला विचारलं:

“बाय, ती मशीन तूच चालवतेस ना?”

“हो, मीच.”

“मंग तुज्या मशीनला कलतं का, मी पोरीला औसद देते का न्हाय?”

मी म्हणाले, “मशीनला असं कळत नाही, ताई.”

“मंग कुनाला कलतं? डाक्टरला न्हाय कलत, मशीनला न्हाय कलत. माज्या सासूला मात्र सगलं कलतं. ती बोलते, डाक्टर काय खोटा बोलंल? तूच देत नसशील.”

आणि तिने पिशवीतून सुक्या बोंबलाचा डबा काढला. त्यात बोंबील नव्हते. सोळा रिकाम्या पुड्या होत्या. कापून, धुऊन, वाळवून, एकावर एक ठेवलेल्या. खाली माझ्या सहीचे, लाल गोल नसलेले तीन पांढरे कागद, चार घड्या घालून. ती म्हणाली, “ह्ये बघ. आता ह्या पन मी बाहेर ओतल्या असं बोलतील, तर बोलू दे.”

ते तीन कागद मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्याआधी ते कधीच एकत्र आले नव्हते. चौतीस. एकसष्ट. अठ्ठ्याऐंशी. बसून राहणाऱ्या मुलीच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व उन्हाने असं चढत नाही. पोटात पुड्या गेल्याशिवाय चढतच नाही. मशीनला कळत होतं. मशीन नऊ महिने सांगत होतं की ही आई एकही डोस चुकवत नाही, आणि त्यावर ‘नॉर्मल’चा शिक्का मी माझ्या हाताने मारत होते. खिडकीत बसून मी त्या बाईला जे उत्तर दिलं, ते खोटं होतं. अजाणता, पण खोटं.

मग कॅल्शियम का चढत नाही? दोन मिनिटं शाळा घेते, माफ करा.

ऊन लागलं, मासळी खाल्ली, पुडी घेतली, की ड जीवनसत्त्व शरीरात येतं. पण तसंच्या तसं ते कामाचं नसतं. आधी यकृत त्यावर एक संस्कार करतं. त्या अर्धवट तयार रूपाचा आकडा आपलं मशीन छापतं. मग ते मूत्रपिंडात जातं. तिथे एक एन्झाइम आहे, वन-अल्फा-हायड्रॉक्सिलेज. नाव विसरलात तरी चालेल, काम विसरू नका. शेवटचा हात ते फिरवतं. त्यानंतर जे तयार होतं, तेच आतड्याला सांगतं की जेवणातलं कॅल्शियम उचल. शरीराला कॅल्शियम कमी पडलं की गळ्यातल्या छोट्या ग्रंथी या एन्झाइमला कामाला जुंपतात, पुरेसं झालं की ते थंडावतं. इतकं ते काटेकोर आहे. क्वचित एखादं मूल जन्मतःच सदोष एन्झाइम घेऊन येतं. अशा मुलाला कितीही पुड्या द्या, अर्धवट तयार माल साठत जातो, आकडा नॉर्मल दिसतो, आणि हाडं उपाशी राहतात.

मी हे स्टेफनीला समजावलं तेव्हा तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं. म्हणाली, “म्हंजे होरी भरून बंदराला लागली, पन धक्क्यावर उतरवनारा कोन न्हाय.”

“अगदी तसंच.”

“आनि तुमी सगले मला बोलता, आनखी मासली आन, आनखी मासली आन.”

इतकं नेमकं मला पाठ्यपुस्तकातही सापडलं नव्हतं.

आता एक बाब काळजीपूर्वक सांगते. केलीला हाच आजार आहे असं मी म्हणत नाही. निदान करणं माझं काम नाही, आणि अशी आणखी एकदोन कारणं असू शकतात. पण चौतीस, एकसष्ट, अठ्ठ्याऐंशी आणि उतरतं कॅल्शियम हे चित्र समोर असताना पुढची चाचणी मागवायला हवी. ड जीवनसत्त्वाचं ते शेवटचं, तयार रूप मोजणारी चाचणी. आपल्याकडे होत नाही, बाहेर पाठवावी लागते. मागणीपत्रावर डॉक्टरांची सही लागते. एक सही.

आणि दोष त्याच एन्झाइमचा निघाला तर औषध काय? ते तयार रूपच कॅप्सूलमधून देतात, मुलांना थेंबांतूनही देतात, रक्त वरचेवर तपासत. आयुष्यभर घ्यावं लागतं, पण हाडं भरतात आणि लहान वयात पाय पुष्कळदा आपोआप सरळ होऊ लागतात. हे औषध परदेशातून मागवायचं आहे का? दुसऱ्या मजल्यावर आपला डायलिसिस विभाग आहे. तिथल्या रुग्णांचं मूत्रपिंड थकलेलं, म्हणून हे एन्झाइमही थकलेलं. त्यांना आपण हीच कॅप्सूल देतो. आपल्याच औषधालयातून, किती वर्षांपासून. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर या रुग्णालयाला हे एन्झाइम माहीत आहे आणि तळमजल्यावर माहीत नाही. मधे चव्वेचाळीस पायऱ्या आहेत.

मला राग कशाचा येतो, ते सांगते. न कळण्याचा येत नाही. दुर्मिळ आजार आहे, पटकन सुचत नाही, मलाही सुचला नव्हता. राग येतो तो त्या ओळीचा. ‘आई डोस देत नाही.’ जे पाहिलं नाही, मोजलं नाही, विचारलं नाही, ते शाईने लिहून टाकलं. मी एखादा आकडा न मोजता लिहिला असता तर आज मी नोकरीत नसते. बरोबर आहे ना, सर?

ती ओळ कागदावर राहत नाही, ती फिरते. उत्तनहून निघून आईबाप मुलीला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी केसपेपर उघडला, पहिली ती ओळ वाचली आणि म्हणाले, “पहले दवा ठीक से दो, फिर आना.” एवढ्यावर परत पाठवलं. घरी नवरा एल्रॉय बोटीवर जायच्या आधी पुडी स्वतः पाजायला लागला. बायकोला म्हणाला, “तू नको हात लावू.” तिसऱ्या कोर्सच्या आठही पुड्या बापाने दिल्या. ६ ऑक्टोबरला कॅल्शियम तपासलं, सात पूर्णांक शून्य. लाल गोल. आता शेरा कुणावर लिहायचा? बाप डोस देत नाही?

चिठ्ठी आली आहे. ‘वेळ.’ वाचली. धन्यवाद, चंपा मॅडम. सूत्रसंचालन तुम्ही उत्तम करता. पण मागचे दोन सत्कार पंचवीस मिनिटं चालले तेव्हा चिठ्ठी निघाली नव्हती.

सर, आता तुमच्याशी बोलते.

२३ जूनचं पत्र मी तुमच्या हातात दिलं. तुम्ही चष्मा लावून पूर्ण वाचलंत. तुम्ही म्हणालात, “स्नेहल, आपलं काम आकडा देणं. अर्थ लावणं त्यांचं.” मी म्हणाले, “सर, आकडा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, कारण आपण तो पाठवत नाही.” तुम्ही पत्राची घडी घातलीत. मग म्हणालात, “माझे चार महिने राहिलेत गं.” ऑगस्टचं पत्र तुम्ही नुसतं ठेवून घेतलंत. मी त्या दोन्ही वेळा तुम्हाला ओलांडून वर गेले नाही. तो माझा दोष आहे. तुमच्याबद्दलच्या आदराची किंमत एका लहान मुलीने चुकवली, आणि तिला विचारलंही नव्हतं.

काल तुम्ही मला कार्यभाराची यादी दिलीत. यादीत सातव्या क्रमांकावर तुमच्या टेबलाच्या खणाची किल्ली. आज सकाळी मी खण उघडला. माझी दोन्ही पत्रं त्यात होती. नीट, डागही नाही. न नेलेल्या अहवालांच्या गठ्ठ्यात, ‘नॉर्मल’च्या.

मी उभ्या उभ्या हसले. विचार केला तर चूक माझीच होती. मी त्या पत्रांवर लाल गोल केला नव्हता.

आज केला आहे. हे तिसरं पत्र. याच्या दोन प्रती आहेत, एक डॉ. निकेत सरांसाठी, एक अध्यक्ष महोदयांसाठी. सोबत केलीच्या तीन पांढऱ्या कागदांच्या छायाप्रती आहेत, प्रथमच तिन्ही एकत्र. सर, प्रयोगशाळाप्रमुख म्हणून आज कामकाज संपेपर्यंत सही तुमचीच चालते. आणखी तासभर आहे. पत्रावर तुमच्या सहीची जागा मी मोकळी ठेवली आहे. केलीत तर मला बरं वाटेल. नाही केलीत तरी पत्र जाईल, उद्याच्या तारखेने, माझ्या एकटीच्या सहीने. आणि उद्यापासून लहान मुलांचे सगळे कागद, लाल आणि पांढरे, एकत्र टाचून ओपीडीत जातील. माझ्या अधिकारात एवढंच येतं, तेवढं मी करते आहे.

जोंधळे काकू, तुमच्यासमोर हे बोलावं लागलं याचं मला वाईट वाटतं. सरांनी मला जे शिकवलं त्यातूनच हे बोलणं आलं आहे. बाटलीवरचं नाव मोठ्याने घे, असं ते म्हणाले होते. मी घेतलं. केली.

समारंभाच्या आयोजकांची मी आभारी आहे. पिंटूभाऊंचे आभार, त्यांनी जुनी पावतीपुस्तकं काढून तारखा जुळवून दिल्या. स्टेफनी, दोन बस बदलून पुन्हा आलीस, तुझे आभार. सरांना निवृत्तीनंतर उत्तम आरोग्य लाभो, हे मनापासून म्हणते. बोलताना मानपानात काही कमीजास्त झालं असेल, वेळेची मर्यादा मी मोडली, हे तर उघड आहे. त्याबद्दल सभागृहाने क्षमा करावी. आकड्यांत चूक असेल तर क्षमा नको, ती दाखवून द्या.

शेवटी तीन विनंत्या. एक, १६ नोव्हेंबरच्या शिबिराच्या यादीतून केलीचं नाव तूर्त थांबवावं, कारण उपाशी हाडं कापून सरळ केली तरी पुन्हा वाकतील. दोन, ती चाचणी मागवावी. तीन, केसपेपरवरची ‘आई डोस देत नाही’ ही ओळ खोडून शेजारी तारीख आणि सही घालावी.

याचं उत्तर शुक्रवार, ७ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत लेखी द्यावं. प्रयोगशाळेच्या खिडकीवर. त्या दिवशी खिडकीवर मी असेन, आणि स्टेफनीही.